लँकेस्टरला आरव्ही कॅम्पिंग : शेताकडची रांग मिळत असेल तरच जा

ऑगस्टमधे सासू-सासरे इकडे न्यू जर्सीला आले होते. न्यूयॉर्क दाखवलं, नायगारा दाखवला, तरी सासऱ्यांचं तोंड काही खुलेना. निपाणीजवळच्या गावात अख्खा जन्म शेतात गेलेला माणूस, उंच बिल्डिंगा बघून करणार काय. मग नवऱ्याने टूम काढली की आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊ आणि पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीला जाऊ, आमिश लोकांच्या (मोटारी टाळून जुन्या पद्धतीने शेती करणारे ख्रिस्ती लोक) शेतांत, चार रात्री. सहा माणसं, त्यात दोन कार्टी, अठ्ठावीस फुटी क्लास सी (मधल्या आकाराची) गाडी. मी आधी नाहीच म्हणाले होते, कारण मला माहीत होतं की सुट्टी सगळ्यांची आणि मोरी माझी.

कॅम्पग्राउंडचं नाव लिहीत नाही. त्या भागात अशी बरीच आहेत आणि मी जे सांगतेय ते जवळपास सगळ्यांना लागू पडेल.

एडिसनहून कारने अडीच तास लागतात, आम्हाला आरव्हीने साडेतीन लागले. टर्नपाइकवर काही त्रास नाही, खरी मजा हायवे सोडल्यावर. रूट ३४० वर आमिशांच्या घोडागाड्या असतात, राखाडी रंगाच्या, मागे केशरी त्रिकोण, आणि आपली गाडी आठ फूट रुंद. हॉर्न अजिबात वाजवायचा नाही, घोडा बुजतो. समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत मागे मागे चालायचं. नवऱ्याला घाम फुटला होता आणि सासरे मात्र पुढच्या सीटवरून घोड्याची चाल बघत "चांगला पोसलाय" म्हणत होते.

पोचलो तर साइट, म्हणजे गाडी लावायची जागा, मिळाली स्विमिंग पूलच्या समोर, मेन रोडला लागून. वेबसाइटवरचे हिरवेगार फोटो बघून बुकिंग केलं होतं, इथे समोर कचऱ्याचा डबा आणि रात्री दहापर्यंत पोरांचा आरडाओरडा. क्वाएट अवर्स दहानंतर असतात, ते पाळतात बऱ्यापैकी, पण रस्त्यावरच्या ट्रकना कोण सांगणार. त्यात वीज. साइट होती ३० अँपची, म्हणजे १२० व्होल्टवर सगळे मिळून ३६०० वॉट. एसी चालू, सासूबाईंनी इंडक्शनवर कुकर चढवलेला आणि मुलाने मायक्रोवेव्हमधे पॉपकॉर्न लावलं, झालं, अंधार. हा आमचाच गाढवपणा, मान्य. पण मग नुसता एसी ठेवला तरी दर अर्ध्या तासाने पेडेस्टलचा (साइटवरच्या विजेच्या खांबाचा) ब्रेकर पडायला लागला तेव्हा कळलं की ब्रेकरच म्हातारा झालाय. ऑफिस बंद, इमर्जन्सी नंबरवर कोणी उचलेना. रात्रभर खिडक्या उघड्या टाकून घामाघूम झोपलो आणि मी मनातल्या मनात एक स्टारचा रिव्ह्यू लिहून काढला.

सकाळी ऑफिसात गेले ती भांडायच्याच तयारीने. काउंटरवरच्या बाईने निमूट ऐकलं, सॉरी म्हणाली आणि एक्स्ट्रा पैसे न घेता शेवटच्या रांगेत ५० अँपची साइट दिली. इथून पुढचा रिव्ह्यू वेगळ्याच जागेचा आहे असं समजा.

कारण शेवटच्या रांगेच्या मागे कुंपण आणि कुंपणाला लागून शेत. एका बाजूला मका माणसापेक्षा उंच, दुसऱ्या बाजूला रुंद पानांचं काहीतरी. मी स्टेबिलायझर (गाडी डुलू नये म्हणून टेकवायचे पाय) खाली करत होते तेवढ्यात सासरे ओरडले, "अगं ही तर आपली तंबाखू!" खरंच तंबाखू. लँकेस्टरला ती पिढ्यानपिढ्या पिकते, हे मला इतकी वर्षं इकडे राहून माहीत नव्हतं. त्यानंतर माणूस जो कुंपणाशी उभा राहिला तो चहालासुद्धा आत येईना. दुपारी शेताचा मालक आला, गवती टोपी, लांब दाढी, गॅलसची पँट, आणि एकेका झाडाचा शेंडा खुडत ओळीने पुढे यायला लागला. सासऱ्यांना इंग्रजी चार शब्द येतं. त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून हवेतच शेंडा मोडून दाखवला, मग पानांच्या काखेतले फुटवे काढल्यासारखं केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तो माणूस थांबला, हसला, आणि एक पान तोडून कुंपणावरून दिलं. सासऱ्यांनी ते चोळून वास घेतला आणि मान हलवली. नंतर सांगत होते की आपल्याकडं विडीची तंबाखू जमिनीवर उन्हात पसरतात, ह्यांच्यात अख्खं झाड कापून काठीला ओवून कोठारात उलटं टांगतात. ते त्यांना लांबच्या कोठाराच्या भिंतीवरून कळलं होतं, हवा खेळावी म्हणून तिच्या उभ्या फळ्या उघड्या ठेवल्या होत्या. पान गाडीत उशीखाली ठेवून झोपले. (फोटो काढू दिला नाही मी कोणाला. आमिश लोकांना चेहऱ्याचे फोटो चालत नाहीत, प्लीज पाळा हे.)

सहा खेचरं जुंपलेली अवजारं, दोरीवर वाळणारे एकाच रंगसंगतीतले कपडे, पहाटे टापांचा आवाज, हे सगळं चहा पिता पिता दिसतं. वासही येतो हं. शेणखत टाकलं की दोन दिवस घमघमाट. माझी मुलगी नाक धरून बसली, सासूबाई म्हणाल्या घर आल्यासारखं वाटतंय.

खाण्याचं सांगायचं तर व्हेजवाल्यांनी स्वयंपाक गाडीतच करावा. पण शूफ्लाय पाय नक्की खा. मोलॅसिसचा असतो. सासूबाईंनी एक घास घेतला आणि "ही तर काकवी" म्हणून अर्धा संपवला. चाउ-चाउ नावाचं भाज्यांचं गोडसर लोणचं मात्र त्यांनी परत बाटलीत ढकललं, लोणच्यात साखर म्हणजे काय. रस्त्याकडेला टेबलावर मका, टोमॅटो ठेवलेले असतात, शेजारी पैशाचा डबा, माणूस नाही. सुटे डॉलर जवळ ठेवा. रविवारी आमिशांची सगळी दुकानं बंद, आमची त्यादिवशी दुधावाचून पंचाईत झाली. लँकेस्टर शहरातलं सेंट्रल मार्केट, १८८९ ची लाल विटांची इमारत, मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारीच उघडतं, त्याप्रमाणे दिवस ठरवा.

पोरांसाठी स्ट्रासबर्ग रेल रोड. १८३२ च्या सनदेवर अजून चालणारी रेल्वे, कोळशाचं वाफेचं इंजिन, पॅराडाइजपर्यंत जाऊन परत, पाऊण तास. दोन्ही बाजूंना शेतंच. समोरचं रेल्वे म्युझियमही मोठं आहे, पण पाच वर्षांच्या पोराला घेऊन दोन तासांत आटपलं. हान्स हेर हाऊस हे १७१९ चं दगडी घरही बघितलं, तिथे सासरे छपराचा उतार बघत राहिले आणि बाकीच्यांना भूक लागली.

आता मोरीचं. साइटला पाणी, वीज, सुएर (सांडपाण्याची जोडणी) तिन्ही होतं. नवख्यांनी एक लक्षात ठेवा, ब्लॅक टँकचा (संडासाच्या टाकीचा) व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं आणि बाकीचं खाली बसतं, मग रडत बसा. टाकी भरत आली की आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे (आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची टाकी), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. आपली तांब्याची सवय इथे कामी येते, पाणी भरपूर गेल्याने आमची टाकी एकदाही तुंबली नाही. उलट ग्रे टँक सासूबाईंच्या भांडी घासण्यापायी दोन दिवसांत भरला. कॉमन बाथरूम सकाळी स्वच्छ, संध्याकाळी नको. वायफाय आहे म्हणतात, आम्हाला दिसलं नाही. शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका, झाडांची कीड पसरते, तिथेच विकत मिळतात, ओलसर होती पण पेटली.

पहिल्या रात्रीला एक स्टार, बाकीच्या तीन रात्रींना साडेचार, काय सरासरी काढायची ती काढा. बुकिंग ऑनलाइन करू नका, फोन करा, शेताकडची शेवटची रांग आणि ५० अँप असं स्पष्ट मागा, आणि त्या वर्षी कुंपणापलीकडे काय पेरलंय तेही विचारा. आमच्या सासऱ्यांनी पुढच्या खेपेला कापणीच्या आठवड्यात यायचं ठरवलंय, तिकिटाचं अजून कोणी बोललेलं नाही.