सजीवांच्या वर्गीकरणाचा कार्डसंच: प्राण्यांची बाजू भक्कम, वनस्पतींची कच्ची

चौथी-पाचवीच्या मुलांना प्राणी-वनस्पतींचं वर्गीकरण शिकवायला नाशिकच्या मेन रोडवरच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून हा संच घेतला. किंमत 380 रुपये. मी मखमलाबादच्या बाजूला शिकवते, वर्गातली बरीच मुलं द्राक्षबागा असलेल्या घरांतली. पहिलं सत्रभर संच रोजच्या वापरात होता, त्यामुळे आता खात्रीनं लिहू शकते.

कार्डं जाड आहेत, कोपरे गोलाकार, वर प्लास्टिकचा थर. घामेजल्या हातांनी, पाणी सांडून, बाकाखाली पडूनसुद्धा एकही खराब झालं नाही. पुठ्ठ्याचं खोकं मात्र पार फाटलं. मी सगळं स्टीलच्या डब्यात हलवलं. छपाई ठळक, मराठी स्वच्छ.

या संचाचा खरा जीव त्यातल्या घडीच्या तक्त्यात आहे. त्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ अशा वाटा फुटत जाणारे प्रश्न आहेत. हातात प्राण्याचं कार्ड धरायचं आणि पहिल्या प्रश्नापासून चालत जायचं: पाठीचा कणा आहे का? अंगावर पिसं आहेत का? पिलाला दूध पाजतो का? त्यानंतर खवले, त्वचा, कल्ले. हे प्रश्न ज्यानं लावले त्यानं क्रमाचा नीट विचार केलाय. खवले मांजराचं कार्ड घेऊन बघा. सगळं अंग खवल्यांनी झाकलेलं, त्यामुळे मुलं बघताक्षणी सापापालींच्या गटात टाकतात. पण तक्त्यात दुधाचा प्रश्न खवल्यांच्या आधी येतो, म्हणून ते बरोबर सस्तन प्राण्यांत पोहोचतं. मग मुलं विचारतात, खवले कसे काय? तेव्हा सांगता येतं की ते खवले आपल्या नखांसारख्याच केराटिनचे असतात आणि त्याच्या पोटाकडे विरळ केसही असतात. वटवाघूळ, देवमासा यांचीही याच वाटेनं सोडवणूक होते. उत्तर पाठ करून येणारी मुलंसुद्धा इथे प्रश्न विचारायला लागतात, आणि मला तेच हवं होतं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक कार्डाच्या तळाशी शास्त्रीय नाव देवनागरीत दिलंय. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1758 मध्ये सगळ्या प्राण्यांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत लावली, तीच आजही चालते. एवढ्या लहान मुलांना हे जड जाईल असं बऱ्याच जणांना वाटेल. जात नाही. वाघ पँथेरा टायग्रिस, सिंह पँथेरा लिओ, बिबट्या पँथेरा पार्डस अशी कार्डं शेजारी ठेवली की पहिला शब्द सारखा असल्याचं मुलं आपणहून ओळखतात. आमच्याकडे बिबट्या उसात आल्याच्या बातम्या नेहमीच्याच, त्यामुळे त्या कार्डावर सगळ्यांच्या उड्या पडतात. मांजराचा पहिला शब्द वेगळा, फेलिस. म्हणजे कुळ एकच, पण प्रजाती (पहिल्या शब्दाचा गट, जीनस) वेगळी, हे न शिकवता कळतं.

आता दोष. कोळ्याच्या कार्डामागे ‘गट: कीटक’ छापलंय. त्याच संचातला तक्ता सांगतो की कीटकांना पायांच्या तीन जोड्या. चित्रातल्या कोळ्याला चार जोड्या स्पष्ट दिसतात. मुलांनी पाय मोजले, तक्त्यावरून योग्य गटात पोहोचली आणि कार्ड उलटून बघतात तर वेगळंच! शैक्षणिक साहित्यात ही चूक खपवून घेण्यासारखी नाही. मी मागे चिठ्ठी चिकटवली आहे.

वनस्पतींचा भाग तर घाईत उरकल्यासारखा वाटतो. वृक्ष, झुडूप, रोपटं आणि वेल एवढ्यावर काम भागवलंय. त्यातही केळ वृक्षांत टाकलीय. केळीचं खोड म्हणजे एकमेकांवर घट्ट गुंडाळलेले पानांचे देठ, आत लाकूड नाहीच. एकदल-द्विदल (बीत एक डाळ की दोन) हा भेद तर अजिबात नाही, आणि नाशिकात तो शिकवणं किती सोपं आहे! कांद्याची पात उभी फाडली तर शिरा समांतर, मुळं तंतूंची. द्राक्षाचं पान उजेडात धरलं तर शिरांचं जाळं. आदल्या रात्री हरभरा आणि मका भिजत घालायचा. हरभऱ्याच्या दोन डाळी होतात, मक्याच्या होत नाहीत. ही दोन-चार कार्डं मी हातानं करून संचात घातली.

अळंबीचं कार्ड वनस्पतींत नाही, कवकांत म्हणजे बुरशीच्या गटात आहे, हे बरोबर. व्हिटेकर या शास्त्रज्ञानं 1969 मध्ये मांडलेल्या पाच सृष्टींची, म्हणजे सजीवांच्या पाच मोठ्या गटांची, पट्टीही सोबत दिलीय. पण कवकांत अळंबी आणि पावावरची बुरशी सोडून काहीच नाही. एका मुलानं विचारलं, “बाई, बागेतली भुरी आणि डाऊनी कुठे टाकायची?” हे दोन्ही द्राक्षावरचे रोग. भुरी कवकांत जाते. डाऊनी बुरशीसारखी दिसते, शेतीऔषधांच्या दुकानातही बुरशी म्हणूनच ओळखली जाते, पण तिचं नातं खऱ्या कवकांपेक्षा तपकिरी शैवालांशी जवळचं आहे. हे सांगितल्यावर वर्गात जी चर्चा रंगली, तशी संचातल्या कुठल्याच कार्डावर रंगली नव्हती.

चित्रांत पेंग्विन, कांगारू, ध्रुवीय अस्वल आहेत. आपला राज्यप्राणी शेकरू नाही, राज्यपक्षी हरियाल नाही. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून दर्जा मिळाला. तिथली जांभळी पाणकोंबडी आणि वारकरी हे पाणपक्षी मुलांनी सहलीत पाहिलेले असतात. मराठीत संच छापायचा आणि इथले पक्षी गाळायचे, हे मला पटत नाही.

तरीही घ्यावा का? चौथी ते सहावीसाठी जरूर घ्या, प्राण्यांच्या तक्त्यासाठी तरी घ्याच. तिसरीच्या आतल्या मुलांना प्रश्नांची वाट लांब पडते, ती कंटाळतात. घरी एकट्या मुलाच्या हाती देण्यापेक्षा तीन-चार जणांत जास्त चालतो, कारण मजा वाद घालण्यात आहे. वनस्पतींसाठी मात्र यावर अवलंबून राहू नका, परसातली पानं आणा. आणि छापणाऱ्यांना विनंती: पुढच्या आवृत्तीत कोळी आणि केळ दुरुस्त करा, एकदल-द्विदल घाला. मी दुसरा संच विकत घेईन.