उभी राहील की चालू राहील? इमारत आणि रस्ता आपत्तीसाठी तयार करताना

१९७१ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या उत्तरेला भूकंप झाला, तेव्हा तिथलं ऑलिव्ह व्ह्यू हे रुग्णालय नुकतंच सुरू झालं होतं. त्याची अशी वाताहत झाली की ते पाडून टाकावं लागलं. मग त्याच जागी नवं बांधताना कुणी हात आखडता घेतला नाही. काँक्रीटच्या भिंती, त्यांच्या जोडीला पोलादी प्लेटच्या भिंती. १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप आला आणि या इमारतीचा सांगाडा खरोखरच शाबूत राहिला. पण आतले पाण्याचे पाइप आणि स्प्रिंकलर फुटले, खोल्यांमध्ये पाणी झालं आणि रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. जमिनीला बसलेला धक्का छतापर्यंत पोचेतो जवळपास अडीचपट झाला होता.

त्याच पहाटे, त्याच शहरात, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचं रुग्णालय रबरी बेअरिंगांवर, म्हणजे पायात बसवलेल्या लवचीक आधारांवर, उभं होतं. तिथे छतावरचा धक्का जमिनीवरच्या धक्क्याच्या निम्म्याहून कमी भरला आणि कामकाज चालू राहिलं. ते भूकंपकेंद्रापासून जास्त लांब होतं हे खरं, त्यामुळे दोघांना एका तागडीत तोलता येणार नाही. तरी एकीत धक्का वर जाताना वाढला आणि दुसरीत घटला, हा फरक अंतराचा नाही, बांधणीचा आहे.

आपत्तीसाठी तयारी करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो "किती मजबूत करायचं?" हा. मी त्याच्याआधी वेगळा प्रश्न विचारेन: सगळं शांत झाल्यावर तुम्हाला या वास्तूकडून काय हवंय? आतली माणसं जिवंत बाहेर पडली की पुरे, की त्याच दिवशी ती वापरातही हवी? साध्या इमारतींसाठीची बांधकाम मानकं मुख्यतः पहिल्याचाच विचार करतात. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात कितीतरी आधुनिक काँक्रीट इमारतींनी माणसं वाचवली आणि नंतर त्या पाडाव्या लागल्या, कारण दुरुस्ती परवडणारी नव्हती. मानकाच्या लेखी त्या पास झाल्या होत्या. मालकाच्या लेखी इमारत गेली. हा फरक ज्याला आधी कळतो त्याचे पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

जुनी इमारत: बळकटी की पाडून नवी?

इथे मन मोठं करून नवंच बांधू, असं वाटणं साहजिक आहे. पण सगळ्याच जुन्या इमारतींना तो उपाय लागत नाही. दुखणं एका जागी आहे की अंगभर पसरलंय, हे आधी पाहायला हवं.

एका जागचं दुखणं म्हणजे मोकळा तळमजला. खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. भूकंपात वरचा भाग एका पेटीसारखा हलतो आणि सगळा वाक तळातल्या त्या मोजक्या कॉलमांवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेतल्या अशा इमारती कोसळल्या. शहर भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब असूनही. अशा इमारतीचं काँक्रीट चांगलं असेल, तर तळमजल्यावर मोजक्या ठिकाणी शिअर वॉल (आडवा धक्का पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) उभ्या करणं किंवा पोलादी ब्रेसिंग (तिरके आधार) लावणं हा मला सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त फायदा देणारा उपाय वाटतो. एक काळजी मात्र घ्यायची: सगळ्या भिंती एकाच बाजूला टाकल्या तर इमारत हलताना पिळली जाते आणि विरुद्ध कोपऱ्यातले कॉलम मार खातात. पार्किंगच्या दोन जागा वाचवण्यासाठी भिंत कोपऱ्यात सरकवा, असा आग्रह कुणी धरला तर इंजिनिअरला नाही म्हणू द्या.

कॉलमला जॅकेटिंग करणं, म्हणजे त्याच्याभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण चढवणं, हा दुसरा मार्ग. तो ऐकायला सोपा, करायला किचकट. नव्या उभ्या सळया स्लॅबला भोकं पाडून वरच्या मजल्यात न्याव्या लागतात. त्या स्लॅबखाली थांबवल्या तर कॉलम जाड दिसतो, पण जिथे वाक सर्वांत जास्त येतो त्या सांध्याजवळ तो पूर्वीइतकाच दुबळा राहतो. शिवाय घराघरांत शिरून काम करावं लागतं. म्हणून भिंती किंवा ब्रेसिंगने भागत असेल तर जॅकेटिंग थोड्याच कॉलमांपुरतं ठेवावं.

अंगभर दुखणं वेगळं. काँक्रीट भुसभुशीत, सळया गंजून फुगलेल्या, प्लॅस्टर काढावं तिथे कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, गळून पडतंय, आणि जागोजाग हीच गत. इथे बळकटीचा खर्च वाढत जातो आणि नवं काम जुन्याला धरूनच ठेवू शकत नाही. अशा ठिकाणी पाडणं हाच प्रामाणिक सल्ला. काँक्रीटचे नमुने काढून तपासल्याशिवाय मात्र कुणीही, अगदी अनुभवी माणसानेही, नुसतं बघून "पाडा" किंवा "चालेल" म्हटलं तर ते मानू नये.

नवं बांधायचं ठरलं, तर साइटवर एक गोष्ट स्वतः वाकून बघा. कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणारी रिंग. तिची दोन टोकं कशी वळवली आहेत? नुसती काटकोनात वळवून कडेला चिकटवली असतील, तर भूकंपात कव्हर उडालं की रिंग उघडते, सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट चुरा होऊन सांडतं. टोकं १३५ अंशांत वळवून कॉलमच्या पोटात घुसवली असतील, तर कव्हर गेलं तरी रिंग सुटत नाही आणि कॉलम वाकून का होईना, भार पेलत राहतो. सळई तीच, वजनात फरक किरकोळ. वळवणाऱ्याला प्रत्येक टोकामागे थोडे जास्त कष्ट, एवढंच. आणि काँक्रीट ओतल्यावर हे पुन्हा कधीही दिसणार नाही.

साधी मजबुती की बेस आयसोलेशन?

बेस आयसोलेशन म्हणजे पाया आणि इमारत यांच्यामध्ये लवचीक बेअरिंग बसवून इमारत जमिनीच्या हलण्यापासून सुटी करणं. सुरुवातीच्या दोन रुग्णालयांतला फरक हाच. शिशाचा गाभा असलेलं रबरी बेअरिंग न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात तयार केलं. पायाची जमीन हलते, बेअरिंग आडवं ताणलं जातं, वरची इमारत सावकाश, एकसंध झुलते. आत कपाटं पडत नाहीत, पाइप तुटत नाहीत. २००१ नंतर भूजचं जिल्हा रुग्णालय पुन्हा बांधताना हीच पद्धत वापरली गेली.

रुग्णालय, अग्निशमन केंद्र, नियंत्रण कक्ष यांच्यासाठी मी बेस आयसोलेशनच्या बाजूने बोलेन. निवासी इमारतीसाठी क्वचित. दोन ठिकाणी तर त्याचा नादच सोडावा. एक, खूप उंच इमारत. ती मुळातच सावकाश झुलते, त्यामुळे फायदा फारसा उरत नाही. दुसरं, खोल मऊ गाळाची जमीन. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत भूकंपकेंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं, पण शहराखालच्या जुन्या तलावाच्या गाळाने दोन सेकंदांच्या आसपासची लांब लय पकडली आणि मध्यम उंचीच्या इमारती त्या लयीत सापडल्या. आयसोलेटर, म्हणजे हे बेअरिंग, इमारतीला अशाच सावकाश लयीत नेतो. म्हणजे तिथे तो आगीतून फुफाट्यात नेईल. आणि देखभालीची एक बाब: इमारतीभोवती हलायला मोकळा चर ठेवलेला असतो. तो कुणी बुजवला, त्यावर पायरी बांधली किंवा कडक पाइप आरपार नेला, तर एवढा खर्च वाया.

पूर, वादळ आणि भूकंप यांची भांडणं

पुराच्या भागात सांगतात, घर खांबांवर उचला, खालून पाणी जाऊ द्या. भूकंप सांगतो, तळमजला मोकळा सोडू नका. वादळ सांगतं, छप्पर जड आणि घट्ट हवं. भूकंपाला डोक्यावर वजन नको असतं. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून दुसऱ्या भागातला चांगला नमुना जसाच्या तसा उचलणं धोक्याचं. पूर आणि भूकंप दोन्ही असतील, तर खांबांवर घर ठेवून पाण्याच्या दिशेला समांतर भिंती आणि आडव्या दिशेला ब्रेसिंग, असा मध्य निघतो. छपरासाठी हलकं पण नीट बांधलेलं, म्हणजे छप्पर भिंतीला, भिंत पायाला धातूच्या पट्ट्यांनी जखडलेली. वादळ छप्पर वर ओढतं; नुसतं वरून वजन ठेवून ते थांबत नाही.

रस्ता: उंच भराव की पाण्याला वाट?

रस्ता पाण्याखाली जातो म्हणून उंच करा, ही मागणी सगळीकडे होते. जपानमध्ये तिने जीवही वाचवले. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत सेंदाईजवळचा तोबू हा द्रुतगती मार्ग उंच भरावावर होता. लाट त्याने बऱ्याच ठिकाणी अडवली आणि सुमारे २३० माणसांनी त्यावर चढून आसरा घेतला. नंतर उतारावर मुद्दाम जिने बांधले गेले.

पण त्सुनामी एका दिशेने येऊन परत जाते. नदीचा पूर आला की हाच भराव धरण होतो: वरच्या बाजूची वस्ती जास्त दिवस पाण्यात राहते, आणि पाणी एकदा डोक्यावरून वाहू लागलं की खालच्या उतारावरची माती खरवडत भराव फुटतो. मग काही तासांसाठी बंद पडणारा रस्ता काही महिन्यांसाठी जातो. म्हणून पूरमैदानात, जिथे काही तास वाहतूक थांबवणं शक्य आहे, तिथे मी कमी उंचीचा काँक्रीटचा फरशी पूल आणि दोन्ही कडांना दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं आवरण, निवडेन. पाणी वरून जाईल, ओसरल्यावर गाळ काढला की रस्ता सुरू. मात्र पाणी चढताच फाटक बंद करणारा माणूस नक्की हवा, कारण वाहत्या पाण्यात गाडी घालणारे असतातच. क्वालालंपूरचा २००७ मध्ये सुरू झालेला स्मार्ट बोगदा याच विचाराचं मोठं रूप आहे: मोठा पूर आला की रस्ता बंद करून पूर्ण बोगदा पाण्याला दिला जातो.

रुग्णालयाकडे जाणारा एकमेव रस्ता असेल तर उंचीला पर्याय नाही. पण मग भरावापेक्षा मोऱ्या (रस्त्याखालून पाणी नेणारे मार्ग) आणि पूल यांवर पैसा घाला. मोरी हा रस्त्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. नुसतं पाणी हिशेबात धरून बसवलेला पाइप पुरात फांद्या, झुडपं आणि गोटे आले की तोंडाशीच तुंबतो. पाणी कडेने वाट काढतं, पाइपभोवतीची माती धुऊन नेतं आणि पाइप अख्खाच्या अख्खा खाली पडलेला सापडतो. ओढ्याच्या नैसर्गिक रुंदीपेक्षा मोठी आणि तळ ओढ्यासारखाच ठेवलेली मोरी २०११ च्या आयरीन वादळात अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये टिकली, जेव्हा आसपासच्या अरुंद मोऱ्या वाहून गेल्या.

एक रस्ता भक्कम की दोन साधे?

डोंगरात आणि समुद्रकाठी माझं मत दोन साध्यांच्या बाजूने. १४ नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपात न्यूझीलंडमधल्या कायकौरा गावाच्या मुख्य महामार्गावर दरडी कोसळल्या. अडकलेल्या लोकांना नौदलाच्या जहाजाने हलवलं गेलं आणि तो महामार्ग डिसेंबर २०१७ मध्ये, वर्षाहून अधिक काळाने, खुला झाला. प्रदेशाच्या आतल्या भागातून जाणारा लहान रस्ता त्याच्या कितीतरी आधी वापरात आणता आला. एवढ्या दरडी पेलणारा एकच रस्ता बांधणं कोणत्याही अंदाजपत्रकाला झेपत नाही.

शहरात मात्र रस्ता बंद पडतो तो शेजारच्या इमारतीमुळे. १९९५ मध्ये कोबेत पडझडीच्या ढिगाऱ्यांनी गल्ल्या अडल्या, तिकडे आगी लागल्या होत्या. तोक्योने २०११ मध्ये नियमच केला की आणीबाणीच्या वाहतुकीसाठी निवडलेल्या रस्त्यांलगतच्या, पडल्यास रस्ता अडवतील अशा जुन्या इमारतींची भूकंप-तपासणी मालकांनी करून घ्यावी. पैसे सगळीकडे पुरणार नसतील, तर मी नकाशावर रुग्णालय आणि अग्निशमन केंद्र यांना जोडणारी एक रेघ ओढेन, तिच्यावरच्या मोऱ्या आणि पूल मोजेन आणि त्या रेघेला लागून मोकळ्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या इमारतींपासून कामाला लागेन.