हॉल थ्रस्टरच्या समूहाचा झोत मोजताना: जाळीचा प्रोब की लेसर?

हॉल थ्रस्टर म्हणजे आयनांचा झोत मागे सोडून अंतराळयानाला पुढे ढकलणारे विद्युत इंजिन. एका मोठ्या हॉल थ्रस्टरऐवजी लहान थ्रस्टर शेजारीशेजारी बसवण्याची कल्पना 2000 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत बारकाईने तपासली गेली. मिशिगन विद्यापीठात 200 वॅट वर्गातील चार बीएचटी-200 थ्रस्टर निर्वात कक्षात एकत्र चालवले गेले. अशा समूहातील प्लाझ्माची घनता चार झोतांची बेरीज करून बरीचशी सांगता येते. मात्र थ्रस्टरांच्या मधल्या जागेत विद्युत विभवाची रचना बदलते आणि मंद आयनांच्या वाटा तिथेच वळतात. मापनपद्धती निवडताना हीच जागा डोळ्यांसमोर ठेवावी.

रिटार्डिंग पोटेन्शियल ॲनालायझर हा जाळीचा प्रोब स्वस्त असून थ्रस्टरपासून दूरवरही विश्वासाने चालतो. त्याच्या जाळीवरील धन विभव वाढवत नेला की कमी ऊर्जेचे आयन अडतात आणि उरलेल्या प्रवाहावरून ऊर्जेचे वितरण काढता येते. परंतु सपाट जाळी आयनाच्या गतीचा फक्त लंब घटक अडवते. त्यामुळे 250 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एकक) ऊर्जेचा आयन 30 अंश तिरका आला, तर तो साधारण 188 चा भासतो. आणि समूहाच्या मध्यरेषेवर तर चारही बाजूंनी आयन तिरकेच येतात. शिवाय हा प्रोब आयनाची ऊर्जा भागिले त्याचा विद्युतभार एवढेच दाखवतो, आणि थ्रस्टरजवळ नेल्यास त्याचे धूड प्लाझ्मालाच धक्का लावते.

लेसर-प्रेरित प्रतिदीप्तीत 834.72 नॅनोमीटरचा डायोड लेसर थ्रस्टरचे इंधन असलेल्या झेनॉन वायूच्या मितस्थायी (वरच्या ऊर्जापातळीवर काही काळ टिकणाऱ्या) आयनांना उत्तेजित करतो आणि ते 541.9 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडतात. आयनाच्या दर सेकंदाला एक किलोमीटर वेगामागे डॉपलर सरक (गतीमुळे प्रकाशाच्या वारंवारतेत दिसणारा बदल) सुमारे 1.2 गिगाहर्ट्झ असते. आडवे छेदून जाणारे दोन झोत त्यामुळे वर्णपटात वेगळी शिखरे म्हणून उमटू शकतात, आणि अक्षीय व त्रिज्यीय अशा दोन दिशांनी लेसर सोडल्यास वेगाची दिशाही कळते. मात्र द्विभारित (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले) आयन या रेषेवर दिसत नाहीत, समस्थानिकांमुळे रेषा रुंदावते आणि दूरच्या विरळ झोतात संकेत गोंगाटात बुडतो.

माझे मत स्पष्ट आहे: थ्रस्टरांमधील आंतरक्रिया समजून घ्यायची असेल तर खर्च सोसून लेसरच घ्यावा; यानाच्या सौरपटलांवर काय आदळेल एवढेच पाहायचे असेल तर प्रोब पुरेसा आहे. पद्धत कोणतीही असो, आधी प्रत्येक थ्रस्टर स्वतंत्र आणि मग सर्व मिळून चालवावेत, आणि बंद थ्रस्टरमधूनही झेनॉन सोडून कक्षातील दाब सारखा राखावा. अन्यथा भारविनिमयातून (वेगवान आयनाने मंद अणूचा इलेक्ट्रॉन घेतल्याने) जन्मलेले मंद आयन समूहाचा परिणाम म्हणून नोंदले जातील.