कॉर्डलेस माईकचा आवाज तुटतो म्हणून आम्ही ३९ हजार रुपये कसे गमावले

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील आमच्या मंडळाच्या सभागृहात अडीचशे खुर्च्या आहेत, आणि व्याख्यान, काव्यवाचन, पुस्तक प्रकाशन असे महिन्याला सहा-सात कार्यक्रम तेथे होतात. मी या मंडळाचा कार्यवाह आहे. गेल्या वर्षी कॉर्डलेस माईकच्या दुरुस्तीच्या नावाखाली एका व्यक्तीने मंडळाकडून ३९ हजार रुपये घेतले आणि माईक पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत सोडून दिले. त्या व्यक्तीचे किंवा तिच्या दुकानाचे नाव मी लिहिणार नाही. फसवणूक कशी झाली ते मात्र तपशिलाने लिहितो, कारण आपल्या शहरात गणेश मंडळांपासून लग्नाच्या लॉन्सपर्यंत सगळीकडे असेच माईक वापरले जातात, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नवे-जुने संच घेणाऱ्यांची संख्या वाढणार आहे.

आमच्याकडे चार कॉर्डलेस माईक आहेत: दोन हातात धरायचे आणि दोन कॉलरचे. एकाच कंपनीचे हे दोन संच आम्ही वेगवेगळ्या वर्षी घेतले होते. डिसेंबरपर्यंत त्यांची विशेष तक्रार नव्हती. डिसेंबरमध्ये एका देणगीदारांच्या मदतीने मंचाच्या मागे एलईडी वॉल बसवली, जागा कमी पडू लागली म्हणून रिसीव्हरचे (माईककडून येणारा सिग्नल पकडणाऱ्या यंत्रांचे) लोखंडी रॅक त्या वॉलच्या मागे सरकवले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच व्याख्यानात आवाज तुटू लागला. वक्ते मंचाच्या उजव्या बाजूला गेले की दोन-तीन शब्द गळत, मध्येच तळणीत पाणी पडल्यासारखी खरखर येई आणि पुन्हा सगळे ठीक होई. वॉल, रॅक आणि आवाज या तीन गोष्टी आम्ही तेव्हा एकमेकींशी जोडून पाहिल्या नाहीत, ही आमची चूक होती.

ओळखीतून एक तंत्रज्ञ आले. त्यांनी रॅक उघडले नाही, एकही माईक सुरू केला नाही. खिशातून मोबाईल काढून एका अ‍ॅपवरचा वरखाली होणारा आलेख दाखवला आणि म्हणाले, “सर, तुमच्या मागच्या गल्लीत ५जी टॉवर लागला आहे. आता तुमचे माईक असे चालणारच नाहीत.” टॉवर खरोखरच होता, खिडकीतून दिसत होता, त्यामुळे आम्हा सर्वांना ते पटले. पुढे समजले ते असे की, साधे मोबाईल अ‍ॅप टॉवरची किंवा वायफायची ताकद दाखवते. माईक ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतात तेथे काय गोंधळ आहे हे त्याला कळत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नावाचे उपकरण लागते, किंवा बऱ्यापैकी रिसीव्हरमध्ये असलेली स्कॅनची सोय वापरावी लागते.

त्यांनी लिहून दिलेला हिशेब असा होता: ‘५जी फिल्टर’ १४ हजार ५००, अँटेनासह ‘सिग्नल बूस्टर’ ११ हजार, ‘दिल्लीहून फ्रिक्वेन्सीचा परवाना’ ७ हजार ५००, आणि जोडणी व ‘ट्यूनिंग’ ६ हजार. पावती कच्ची होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. १५ हजार रोख द्यावेत असा त्यांचा आग्रह होता आणि तो आम्ही मान्य केला. उरलेले २४ हजार यूपीआयने दिले. पुढे त्या २४ हजारांचा पुरावा आमच्याजवळ राहिला, १५ हजारांचा राहिला नाही.

काम झाल्यावर त्यांनी जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यातच खरी हातचलाखी होती. वेळ दुपारची होती, सभागृह रिकामे होते, एलईडी वॉल बंद होती आणि चारपैकी फक्त दोन माईक सुरू होते. तंत्रज्ञ माईक हातात घेऊन दारापर्यंत चालत गेले, “हॅलो, चेक” म्हणत परत आले, आवाज एकदाही तुटला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. वॉल लावून, चारही माईक सुरू ठेवून, खुर्च्यांवर माणसे बसलेली असताना पाहू, असे आमच्यापैकी कोणी म्हणाले असते तर तेथेच सगळे उघडे पडले असते. कॉर्डलेस माईकची परीक्षा रिकाम्या सभागृहात होतच नाही. माणसाचे शरीर या लहरी शोषून घेते, त्यामुळे भरलेल्या सभागृहात सिग्नलची स्थिती निराळी असते.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या दिवशी, त्याचा परिणाम आम्ही भोगला. कुसुमाग्रजांच्या या शहरात त्या दिवसाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ऐंशीच्या घरातील एक निवृत्त शिक्षिका स्वतःच्या कविता वाचण्यासाठी आल्या होत्या. कॉलर माईक लावून त्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या कडव्यापासून आवाज जाऊ लागला. आपल्याच आवाजात दोष आहे असे समजून त्या अधिक जोर लावून वाचू लागल्या, त्यांना ठसका लागला, आणि शेवटी वही मिटून त्या खाली बसल्या. सभागृहात कोणी काही बोलले नाही. पैशांचा हिशेब मी नंतर केला; त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर ती मिटलेली वही होती.

मार्चमध्ये पंचवटीतील एक जुने साउंड ऑपरेटर आले. नाट्यप्रयोगांचा आवाज त्यांनी अनेक वर्षे सांभाळला आहे, आणि सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी प्रथम चारही माईक बंद करायला सांगितले आणि रिसीव्हरसमोर खुर्ची घेऊन बसले. माईक बंद असताना रिसीव्हरवरचा सिग्नलचा दिवा लागता कामा नये, एवढेच त्यांनी सांगितले. आमचे दोन दिवे लुकलुकत होते. मग त्यांनी एलईडी वॉल बंद करायला लावली, आणि दिवे विझले. वॉल पुन्हा लावली, दिवे पुन्हा लागले. आमच्या तक्रारीचे अर्धे कारण पाच मिनिटांत आणि एकही रुपया न घेता सापडले होते. वॉलमधील पॉवर सप्लाय आणि वेगाने उघडझाप करणारी सर्किटे रेडिओ लहरींचा गोंगाट बाहेर टाकतात, आणि आम्ही रिसीव्हर नेमके त्या गोंगाटापासून हातभर अंतरावर, शिवाय लोखंडी रॅकमध्ये कोंडून ठेवले होते.

दुसरी गोष्ट मला अधिक धक्का देणारी होती. तंत्रज्ञांनी ‘ट्यूनिंग’ म्हणून चारही माईक ६५०, ६५५, ६६० आणि ६६५ मेगाहर्ट्झवर, सारख्या अंतरावर बसवले होते, आणि ते किती नीटनेटके आहे हे आम्हाला दाखवलेही होते. काकांनी वॉल बंद ठेवून फक्त दुसरा आणि तिसरा माईक सुरू करून टेबलावर शेजारी शेजारी ठेवला. पहिला आणि चौथा माईक बंद होते, तरीही त्यांच्या रिसीव्हरचे दिवे लागले. याचे गणित त्यांनी कागदावर मांडले: दोन माईक जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, त्यांतील सर्वांत त्रासदायक फ्रिक्वेन्सी एकीच्या दुपटीतून दुसरी वजा केली की मिळते. ६५५ ची दुप्पट १३१०, त्यातून ६६० वजा केले की ६५०, म्हणजे आमचा पहिला माईक. ६६० ची दुप्पट १३२०, त्यातून ६५५ वजा केले की ६६५, म्हणजे चौथा. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात, आणि म्हणूनच माईकच्या फ्रिक्वेन्सी कधीही सारख्या अंतरावर ठेवायच्या नसतात. कंपनी रिसीव्हरमध्ये ‘ग्रुप’ आणि ‘चॅनल’ अशी रचना देते ती यासाठीच. एका ग्रुपमधील चॅनल एकमेकांना त्रास देणार नाहीत असे निवडलेले असतात. सगळे माईक एकाच ग्रुपमध्ये ठेवणे हे काम बटण दाबून दहा मिनिटांत होते, आणि आम्ही ते बिघडवून घेण्यासाठी ६ हजार रुपये दिले होते.

त्यानंतर ‘५जी फिल्टर’ उघडला. काळी पत्र्याची पेटी, पुढे हिरवा दिवा, मागे अँटेनाच्या वायरीसाठी चार जोड. चार स्क्रू काढल्यावर आत दिसले ते असे: दिव्यापुरता एक छोटा अ‍ॅडॉप्टर, येणाऱ्या जोडापासून जाणाऱ्या जोडापर्यंत सरळ डाग दिलेल्या दोन तारा, आणि पेटी हातात जड लागावी म्हणून तळाशी बसवलेली लोखंडी पट्टी. दुसरे काहीही नव्हते. कोषाध्यक्ष बाई ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. ‘सिग्नल बूस्टर’वरचे स्टिकर नखाने खरवडल्यावर खाली ४० ते ८६२ मेगाहर्ट्झ असे छापलेले निघाले, तो टीव्हीच्या अँटेनाला लावायचा, काही शे रुपयांना मिळणारा बूस्टर होता. असा बूस्टर समोर येईल ते सगळे मोठे करतो, त्यामुळे वॉलचा गोंगाटही त्याने मोठा केला. अँटेनाचा खरा बूस्टर लांब वायरीत जाणारी ताकद भरून काढण्यापुरता असतो. पातळ वायरीच्या दहा मीटरमध्ये या फ्रिक्वेन्सीची निम्म्याहून अधिक ताकद संपते, तेथे त्याचा उपयोग आहे. आमच्याकडे ती वायर हातभर होती.

५जीची गोष्ट तर आमच्याच रिसीव्हरच्या पाठीवरील लेबल वाचले असते तरी खोटी ठरली असती. तेथे ६४० ते ६९० मेगाहर्ट्झ असे लिहिले आहे. आपल्याकडे मोबाईलसाठी वापरला जाणारा फ्रिक्वेन्सीचा सर्वांत खालचा पट्टा ७०३ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो: फोनकडून टॉवरकडे ७०३ ते ७४८, टॉवरकडून फोनकडे ७५८ ते ८०३. ५जीचा दुसरा मोठा पट्टा ३३०० च्या पुढे आहे. ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही मोबाईल कंपन्यांसाठीच्या २०२२ च्या लिलावात ठेवला होता, पण त्याला एकही बोली आली नाही. मात्र ज्यांच्याकडे ७४० ते ७९० मेगाहर्ट्झचे जुने संच आहेत त्यांना मोबाईलचा त्रास खरोखर होऊ शकतो, आणि तोही कोणत्याही फिल्टरने जाणार नाही, कारण माईकच्याच फ्रिक्वेन्सीवर आलेला दुसरा सिग्नल गाळायचा तर माईकही गाळला जाईल. तेथे दुसऱ्या पट्ट्यातील संच घेणे एवढाच मार्ग आहे. तेव्हा कोणालाही बोलावण्याआधी रिसीव्हरच्या मागचे लेबल वाचावे आणि तो आकडा लिहून ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

परवान्याचा कागद म्हणजे संगणकावर तयार केलेले, अशोकस्तंभ छापलेले एक पान होते. दूरसंचार विभागाकडील परवान्यांचे अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर होतात. कोणी स्वतःच्या यूपीआय खात्यावर पैसे घेऊन परवाना आणून देत नाही. हा कागद दाखवून आम्ही ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि त्यानंतर चार दिवसांत परवान्याचे ७ हजार ५०० रुपये मुकाट्याने परत आले. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी सुरू आहे. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असल्यास शुल्क लागत नाही. उघडलेली पेटी, खरवडलेला बूस्टर, कच्ची पावती आणि यूपीआयची नोंद आम्ही एकत्र जपून ठेवली आहे.

प्रत्यक्ष दुरुस्तीला काकांनी पुढचा एक दिवस घेतला. रिसीव्हर वॉलमागून काढून मंचाच्या डाव्या बाजूला, प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवले, जेणेकरून माईक आणि अँटेना यांच्यामध्ये काही येणार नाही. दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरप्या केल्या, कारण माईक उभा धरला काय किंवा आडवा धरला काय, दोघींपैकी एकीला तरी सिग्नल नीट मिळाला पाहिजे. मग वॉल, दिवे, वायफाय सगळे सुरू करून आणि माईक बंद ठेवून स्कॅन केला, आणि मोकळ्या मिळालेल्या ग्रुपमध्ये चारही माईक बसवले. कॉलर माईकचा खिशातील ट्रान्समीटर, म्हणजे सिग्नल पाठवणारी छोटी डबी, वक्त्यांच्या जाकिटाखाली, पाठीशी दबलेला असे आणि त्याची अँटेना गुंडाळलेली असे. आता तो कमरेला रिसीव्हरच्या बाजूला लावतो आणि अँटेना सरळ सोडतो. १.२ व्होल्टचे रिचार्ज होणारे सेल आणि १.५ व्होल्टचे साधे सेल एकाच माईकमध्ये मिसळून घालणे बंद केले, प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल घालतो. या सगळ्याला मिळून सेल, दोन वायरी आणि भिंतीवरची एक फळी एवढाच खर्च आला. काकांनी दिवसाची नेहमीची मजुरी घेतली आणि पक्की पावती दिली.

मंचाच्या उजव्या टोकाला, लोखंडी खांबाच्या आड, कॉलर माईक अजूनही क्षणभर डगमगतो. तेथे जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावली आहे, आणि कार्यक्रमापूर्वी वक्त्यांना तिच्या अलीकडे उभे राहण्याची विनंती आम्ही करतो. त्या शिक्षिकांना पुन्हा निमंत्रण दिले आहे. त्यांनी होकार कळवला आहे आणि एक तास आधी येऊन माईक स्वतः तपासून पाहीन असेही सांगितले आहे.