उत्तरेचा वारा, दक्षिणेचा आडोसा आणि ४२५ डॉलर

टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनच्या खाडीत रेडफिश आणि ट्राउट मासे पकडायला चौघांसाठी गाइडसकट बोट, ७५० डॉलर. आगाऊ ३००, मग ‘हवामानामुळे तारीख बदलायची’ म्हणून आणखी १२५. बोट दिसलीच नाही आणि फोन बंद. फसलो, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

राग त्या तथाकथित गाइडपेक्षा स्वतःचाच जास्त येतोय. दुसरे पैसे मागितले तेव्हा नॉर्दर येऊ घातला होता, उत्तरेचा वारा २५ नॉट. गृहस्थ म्हणाला, “काळजी नको, नव्या तारखेलाही वारा असलाच तर वेस्ट बेच्या दक्षिण किनाऱ्याला आडोशाला जाऊ.” फोन तिथेच ठेवायला हवा होता! वेस्ट बे म्हणजे याच खाडीचा पश्चिमेकडचा भाग, त्याच्या दक्षिणेला गॅल्व्हेस्टन बेट. उत्तरेचा वारा सुटला की अख्ख्या खाडीवरून धावत आलेल्या लाटा तिथेच आपटतात, तळ ढवळून पाणी दूध घातलेल्या चहासारखं होतं. आडोसा असतो उत्तरेला, मुख्य भूमीला लागून. दक्षिण किनारा धरायचा तो आग्नेयेच्या वाऱ्यात.

वर म्हणे, गवताच्या काठाला पॉपिंग कॉर्क, म्हणजे आवाज करणारं तरंगतं बूच टाकू, खाली १८ इंचांवर जिवंत कोळंबी. चूक काहीच नाही, पण नॉर्दर खाडीतलं पाणी समुद्राकडे ढकलतो. गवताच्या काठाला पाणी उरतं कुठे? उथळ तळ्यांत बोट रुतते. रेडफिश ओहोळांच्या तोंडाशी, खोल वळणांत उतरतात. तिथे पाव औंसाचं जिगहेड, म्हणजे वजन लावलेला गळ, तळाला घासत सावकाश ओढायचं असतं. हे सगळं माहीत असून पैसे पाठवले.

फोटोही होता, ‘कालचा माल’. पाणी आरशासारखं, आणि इथे तीन दिवस वारा २० नॉटच्या खाली आला नव्हता. समोर वीसेक ट्राउट मांडलेले. टेक्ससमध्ये २०२४ पासून मर्यादा दिवसाला माणशी ३, तेही १५ ते २० इंचांतले, म्हणजे चौघांचे १२. आम्ही मोजलेच नाहीत.

आमच्या बाजूने एवढंच, की खरे गाइडही आगाऊ घेतात आणि वारा वाढला की तारीख बदलतात. खोटं त्यातच मिसळून गेलं.

झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे टाकणाऱ्या अमेरिकी सेवेने, पैसे पाठवू नका. नावच झेल, सुटला की सुटला. कार्ड घेत नसेल तर विषय संपला.

बँकेचं उत्तर: तुम्हीच पाठवलेत, म्हणजे व्यवहार अधिकृत. चार फोन, दर वेळी नवा माणूस, पहिल्यापासून तीच कहाणी, त्यातली ४० मिनिटं नुसतं संगीत. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, शिवाय बोट दुसऱ्या काउंटीतली, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, राहता तिथेच नोंदवा. ऑनलाइन तक्रारीला लांबलचक क्रमांक मिळाला. त्या क्रमांकाचं करायचं काय, हे कोणीच सांगत नाही. ४२५ डॉलर म्हणजे त्यांच्या लेखी चिल्लर.

कोस्ट गार्डचा कॅप्टन परवाना आणि टेक्ससचं गाइड लायसन्स, दोन्ही मागा. लायसन्सवरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव एकच हवं. आमच्या वेळी खातं कुणा बाईंचं होतं, ‘मिसेस हिशेब बघते’ म्हणाला. वाऱ्यामुळे फेरी कोण रद्द करणार, पैसे परत की नवी तारीख, हे आधी लेखी घ्या. आणि सरळ विचारा, वारा उत्तरेला फिरला तर कुठे नेणार?

आज सकाळी तोच फोटो पुन्हा दिसला, कॅप्टनचं नाव वेगळं. खाली ‘कालचा माल’. काल इथे २२ नॉट होते.