६९९ रुपयांचं पत्रक आणि बाबांच्या निवृत्तीचं जेवण

पत्रक वर्तमानपत्राच्या घडीतून आलं होतं. चकचकीत कागद, टेबलाच्या मधोमध बसवलेली शेगडी, तिच्यावर सळयांना लावलेलं पनीर आणि कोळंबी, आणि कोपऱ्यात पिवळ्या गोलात आकडा: ६९९. खाली 'ग्रुप बुकिंगसाठी' म्हणून एक मोबाइल नंबर. तो कागद मी अजून ठेवलाय, कारण पुढे तक्रारीला जोडायला तोच कामी आला.

बाबा ३१ मे २०२५ ला भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. ३३ वर्षं, त्यातली बरीचशी लेथवर. आईने घरी सत्यनारायण घातला, पण दादाच्या आणि माझ्या मनात होतं की बाबांना एकदा कुठेतरी छान बसवून जेवू घालायचं. आमच्या घरातल्या प्रत्येक कार्याला हा माणूस वाढप्याचं काम करत आलाय, स्वतः शेवटच्या पंगतीत बसत आलाय. काही हॉटेलांत टेबलावरच शेगडी असते आणि माणशी ठरलेल्या पैशांत हवं तेवढं आपणच भाजून खायचं, हे दादाच्या ऑफिसच्या गप्पांतून ऐकून त्यांना त्याचं फार कुतूहल होतं. १ जूनचा रविवार ठरला. आत्या, काका, वहिनीच्या माहेरची दोघं धरून ११ मोठी आणि ३ मुलं.

आमच्या भागात अशी दोन हॉटेलं आहेत, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. एक जुनं, दुसरं दीड वर्षापूर्वी उघडलेलं. दोघांत उघड चढाओढ आहे. एकाने वाढदिवसाला केक फुकट दिला की दुसरं लगेच कुल्फीचा काउंटर मोठा करतं. नावं लिहीत नाही, कारण माझी एक तक्रार अजून चालू आहे. आणि नाव कळलं की लोक एवढंच लक्षात ठेवतात की 'तिथे जायचं नाही', मग तोच प्रकार तिसऱ्या ठिकाणी होतो.

जुन्या हॉटेलात मी आधी दोनदा जेवले होते. तिथे फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने सरळ सांगितलं: रविवार दुपार, व्हेज ९४९, नॉनव्हेज १,०४९, मुलांचे ४९९, वर पाच टक्के जीएसटी, बाकी काही नाही. नव्या हॉटेलच्या पत्रकावरच्या नंबरवर एक माणूस बोलला. आवाज अगदी आर्जवी. "रविवारीही हाच रेट, मॅडम. व्हेज ६९९, नॉनव्हेज ७९९, मुलांचे ३९९. वेलकम ड्रिंक आमच्याकडून." मी कागदावर हिशेब मांडला. सहा नॉनव्हेज, पाच व्हेज, तीन मुलं, करासकट नव्याकडे ९,९६० आणि जुन्याकडे १३,१६३. तीन हजारांवर फरक. कोणीही नवंच निवडेल, मीही निवडलं.

त्याने टेबल अडवून ठेवायला ३,००० आगाऊ मागितले आणि व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड पाठवला, खाली पुन्हा "वेलकम ड्रिंक आमच्याकडून" असं लिहून. स्कॅन केल्यावर हॉटेलचं नाव आलं नाही, एका माणसाचं नाव आलं. ते मी वाचलं. वाचूनही पिन टाकला, कारण छोट्या दुकानांत मालकाच्याच नावाचं खातं असतं हे रोज बघत होते. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला पुढे असा कोड आला, तर तिथेच थांबा. टॅक्स लावून पक्कं बिल देणारं हॉटेल बुकिंगचे पैसे कोणा एकाच्या खासगी खात्यात का घेईल, हा प्रश्न त्या क्षणी विचारायला हवा होता.

रविवारी भुरभुर पाऊस होता. त्या वर्षी तो मेमध्येच येऊन बसला होता. दारात आमचं नाव वहीत सापडलं, त्यामुळे मी निर्धास्त झाले. बसल्याबसल्या प्रत्येकापुढे निळसर सरबताचा उंच ग्लास आला. कोणी विचारलं नाही, कोणी ऑर्डर घेतली नाही. आत्याने "किती अगत्य आहे बाई" म्हणून कौतुकही केलं.

आता शेगडीचं सांगते, कारण दोन्हीकडचा फरक तिथे नजरेत भरतो. जुन्या हॉटेलात टेबलाच्या खाचेत लोखंडी शेगडी सोडतात तेव्हा निखारे लालबुंद असतात आणि वर राखेचा पातळ पापुद्रा असतो. हात जवळ नेला की झळ लागते. सळ्या येतात त्या अर्ध्या भाजलेल्या. आपण त्या फिरवायच्या, ब्रशने लिंबू-लसणाचं तेल लावायचं, दोन-तीन मिनिटांत कडा करपायला लागतात. नव्या हॉटेलात शेगडी आली ती काळी. बाबांनी कोळंबीची सळी हातात घेतली, मन लावून तेल लावलं, पाच मिनिटं फिरवत राहिले. चर्र आवाज नाही, धूर नाही. त्यांनी तळहात शेगडीवर धरला आणि हळूच म्हणाले, "अगं, ही तर विझलीय." कोळसा बदलायला दोनदा सांगावं लागलं. चिकनचा एक तुकडा मी मोडून बघितला तर आतून गुलाबी होता. तो मुलांच्या ताटातून काढून घेतला.

आणि वाढण्याचा क्रम. तळलेला मका, बटाटा, मसाला लावलेलं अननस, पुन्हा मका. वाट्या रिकाम्या व्हायच्या आत भरायच्या. कोळंबी पहिल्यांदा एकेक सळी आली, ती बाबांनी धरली होती ती, आणि मग मासे-कोळंबी मागितले की "येतंय, येतंय". आलं ते चाळीस मिनिटांनी, तोवर काका हात धुऊन आले होते. बुफेचा धंदा काही प्रमाणात यावरच चालतो, स्वस्त पदार्थांनी पोट भरलं की महाग पदार्थ कमी जातात. जुन्या हॉटेलातही मका आधी येतो, पण मासे मागितले तर नाही म्हणत नाहीत. अशा ठिकाणी बसताक्षणी मासे-कोळंबी मागा, मका नंतर.

पण जेवण कमी-जास्त असणं वेगळं आणि बिल वेगळं.

आधी एक हाताने लिहिलेली चिठ्ठी आली. जीएसटी नंबर नाही, तारीख नाही, नुसती बेरीज: १७ हजारांच्या आसपास. मी पक्कं बिल मागितलं. ते यायला पंधरा मिनिटं लागली आणि चिठ्ठीवर ९ असलेल्या पाण्याच्या बाटल्या छापील बिलात ६ झाल्या. नॉनव्हेज ९९९, व्हेज ८९९, मुलांचे ४९९: "मॅडम, पत्रकावरचा रेट सोमवार ते गुरुवार दुपारचा आहे." खरंच, पत्रकाच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, पांढऱ्यावर फिकट राखाडी शाईत तसं छापलेलं होतं. ते निळं सरबत, १४ ग्लास, प्रत्येकी १२९ प्रमाणे १,८०६. पाणी ३६०. त्या सगळ्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, १,४१५. आणि सर्व्हिस चार्जवरही जीएसटी. एकूण १६,३४६. आगाऊ दिलेल्या ३,००० चा उल्लेखच नाही.

'महाग' म्हणून ज्याला मी नकार दिला होता त्या हॉटेलचा आकडा १३,१६३ होता.

सर्व्हिस चार्जबद्दल मला माहिती होती, म्हणून तिथे मी अडून बसले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात धरता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही, देणं-न देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. मॅनेजर आधी म्हणाला, "आमची पॉलिसी आहे." मी म्हटलं, तसं लेखी द्या. मग त्याने तो काढला. पाण्याचं मात्र त्याचं बरोबर होतं. हॉटेलला बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावता येतात, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसा निकाल दिलाय. म्हणून बसतानाच साधं पाणी मागायचं, टेबलावर मांडलेली बाटली फोडायची नाही.

आगाऊ पैशांचा विषय काढला तेव्हा कॅशिअरने माझ्या मोबाइलचा स्क्रीन निरखून पाहिला आणि म्हणाला, "हा आमचा यूपीआय नाही. हा माणूस मार्चमध्येच सोडून गेला." पत्रक मात्र हॉटेलचंच, हे त्याने मान्य केलं. मग त्या माणसाकडे केलेलं आमचं बुकिंग तुमच्या वहीत कसं, याला उत्तर नव्हतं.

या सगळ्या बोलाचालीत माझं टेबलाकडे लक्ष नव्हतं. वळून बघितलं तर बाबा उठून उभे होते. त्यांनी खिशातून पाकीट काढलं होतं, कंपनीने निरोपाला दिलेलं नवंकोरं, आणि त्यातून पाचशेच्या नोटा मोजत होते. "जाऊ दे गं," म्हणाले, "माझ्यामुळे कशाला वाद." पाकिटाची घडी अजून नीट मोडलीही नव्हती. मी त्यांच्या हातातून ते मिटवून परत खिशात ठेवलं आणि १४,८६० रुपये भरले. रिक्षात कोणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी १९१५ वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. पत्रकाचा फोटो, बिल, कच्ची चिठ्ठी, व्हॉट्सअॅपवरचं "वेलकम ड्रिंक आमच्याकडून" हे त्या बुकिंगवाल्याचं वाक्य, सगळं तक्रारीला जोडलं. साडेतीन आठवड्यांनी हॉटेलने सरबताचे पैसे करासह परत केले, १,८९६. ती चिठ्ठी मी टेबलावरून उचलून पर्समध्ये टाकली नसती तर कदाचित तेही मिळाले नसते. फोनवर ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून मागा. रेट, वार, कर, सरबत, आगाऊ रक्कम, सगळं. खरा माणूस दोन मिनिटांत लिहून देतो.

३,००० साठी १९३० वर, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. पण मला ती करायला दोन दिवस लागले. हा फोन पैसे गेल्याचं कळताक्षणी करायचा असतो, तेवढ्यात समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता आली तर येते. बँकेचं म्हणणं, व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, पोच घेतलीय, दोनदा चौकशी करून आले.

परवा वहिनीच्या फोनवरून त्या पत्रकावरच्या नंबरवर पुन्हा फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला. तोच आवाज. वहिनीने रविवारचा दर विचारला.

"रविवारीही हाच रेट, मॅडम," तो म्हणाला. "किती माणसं आहेत?"