विमानाच्या होल्डमधले ५००० पौंडी पट्टे, एक नागपुरी उन्हाळा वापरल्यानंतर: रॅचेट उत्तम, लेबलनं घात केला

गेल्या आठवड्यात तपासणीला आलेल्या माणसानं, विमानाच्या पोटातल्या मालखान्यात (होल्डमध्ये) माल बांधायच्या पट्ट्यांच्या आमच्या पेटीतून एकेक पट्टा काढला, लेबल उजेडात धरलं आणि वाचता येईना तो बाजूला टाकत गेला. बघता बघता बाजूचा ढीग पेटीतल्या ढिगापेक्षा मोठा झाला. सगळ्यांना लाल टॅग. कापड शाबूत, शिवण शाबूत, रॅचेट (पट्टा ताणायचा दातेरी खटका) पहिल्या दिवसासारखं चालतंय. पण लेबलवरचा टीएसओ क्रमांक (विमानाच्या सामानासाठीच्या अमेरिकी किमान मानकाचा), पार्ट नंबर आणि बनवल्याची तारीख वाचता येत नाही, म्हणून पट्टा बाद. आमचा जुना लोडर शेजारी उभा होता. म्हणाला, "भाऊ, पट्टा तं नवाकोरा हाये, मंग फेकून राहिले काऊन?" त्याला समजावून सांगताना माझाच जीव जळत होता.

नियम चुकीचा नाही. पॉलिस्टरचं कापड किती थकलंय हे डोळ्यांना दिसत नाही. ऊन त्याची ताकद आतून खात जातं आणि वरून पट्टा धडधाकट दिसतो. म्हणून तर विमानातल्या जाळ्या आणि पट्टे ऊनपावसानं कसे कमजोर होतात यावर आयएसओचा ८६४७ क्रमांकाचा स्वतंत्र तांत्रिक अहवाल आहे. पट्टा कधी बनला आणि कोणत्या मानकाला उतरला हे सांगणारी एकच जागा म्हणजे ते लेबल. ते गेलं की आपल्या हातात नुसतं कापड उरतं. हे सगळं मान्य. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. जे लेबल गेलं की अख्खा पट्टा जातो, तेच लेबल एका उन्हाळ्यात पुसलं जाईल असं का बनवलं?

आता वापराविषयी. आमच्याकडे अरुंद बॉडीची (आत एकच वाट असलेली) विमानं येतात, होल्ड बहुतेक मोकळ्या मालाचा, म्हणजे डब्यांत न भरता थेट रचायचा. कुरियरची पोती, औषधांची खोकी, आणि अधूनमधून बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यातून एखादा पंप नाहीतर गिअरबॉक्स. पोती आणि खोकी दाराच्या जाळीमागे नीट रचली की भागतं. खरी परीक्षा त्या एकट्या जड नगाची. खाली फळ्या टाकून वजन पसरवायचं, कारण या होल्डच्या जमिनीची मर्यादा साधारण ७३२ किलो प्रति चौरस मीटर असते, आणि मग चारी बाजूंनी पट्टे.

या कामात हे पट्टे मला मनापासून आवडले. रॅचेटचा दांडा हाताला रुंद लागतो, हातमोजे घालूनही पकड बसते. गुडघ्यावर बसून, डोक्यावर छत टेकलेलं असताना, वाकलेल्या हातानं ताण द्यायचा असतो. तिथं जुन्या पट्ट्यांचे दात निसटायचे. यांचे एकदाही निसटले नाहीत. सोडतानाही झटका बसत नाही, टप्प्याटप्प्यानं सैल होतं. आमच्या पोरांची बोटं चेमटायची थांबली, एवढ्यासाठीच मी हे रॅचेट कुणालाही सुचवीन.

पट्ट्याच्या टोकाला दुहेरी स्टडची कडी असते, ती जमिनीतल्या खाचांच्या पट्टीत, म्हणजे ट्रॅकमध्ये, अडकते. तिच्याबद्दल मात्र जपून. आमच्या रॅम्पवर (विमानं उभी राहतात तिथं) उन्हाळ्यात बारीक धूळ असते, ती कडीच्या खालच्या पिनेत जाऊन बसते. पिन वर उचलली जाते पण पूर्ण खाली बसत नाही. कडी ट्रॅकमध्ये अडकलेली दिसते आणि प्रत्यक्षात लॉक झालेली नसते. कडी लावली की सरकवून, ओढून बघायचीच. कोरड्या ब्रशनं साफ केली की पिन सुरळीत होते. तेल अजिबात घालू नका, धूळ आणखी धरते.

आता पुन्हा लेबल. छपाई पांढऱ्या कापडावर काळ्या शाईची, आणि ते कापड पट्ट्याच्या मोकळ्या टोकाजवळ उघडं शिवलेलं. म्हणजे ओढताना हात तिथेच, घाम तिथेच, होल्डच्या जमिनीवर घासणं तिथेच. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना पट्टे ट्रॉलीवर उन्हात पडतात. बेल्ट लोडर (माल वर चढवणारी गाडी) येईपर्यंत पडूनच राहतात, हे जिथं काम चालतं तिथं सगळीकडे होतं. त्यात कुठं विमानाचं जांभळं हायड्रॉलिक तेल सांडलेलं असलं तर शाई जागच्या जागी पसरते.

पुरवठादाराला पत्र लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर आलं की लेबल हा वापरानं झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, झिजणारा भाग असेल तर बदलून द्या. तर म्हणे लेबल नव्यानं लावण्याचा अधिकार फक्त उत्पादकाला किंवा मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्राला, आणि तिकडे पाठवण्याचा खर्च नव्या पट्ट्याच्या जवळपास. म्हणजे कापड दमदार, लोखंड दमदार, आणि दोन बोटं कापडाच्या तुकड्यापायी सगळं भंगारात. पैसा कंपनीचा असला तरी खरेदीच्या कागदावर शिफारस माझी असते. मला हा अपव्यय सहन होत नाही.

इथवर लिहून झाल्यावर एक गोष्ट घडली, तीही नोंदवतो. पुरवठादाराचा माणूस स्वतः नागपूरला आला. त्यानं आमच्याच पेटीतले उरलेले पट्टे बघितले. जे तपासणीत पास झाले त्यांच्या लेबलवर त्याच पट्ट्याच्या कापडाची एक घडी शिवलेली निघाली, ती उचलली की खालचं लेबल नव्यासारखं, स्पष्ट वाचता येणारं. त्याच उत्पादकाचा, त्याच उन्हात राहिलेला माल. म्हणजे उत्पादकाला उपाय ठाऊक होता आणि त्यानं तो केलाही होता. जुना उघड्या लेबलचा साठा आम्हाला त्यातच मिसळून विकला गेला होता. त्यानंतर अर्ध्या किमतीत बदली देण्याचं पुरवठादारानं लेखी कळवलं. उत्पादकावरचा माझा राग त्यामुळे गेला. पुरवठादारावरचा अर्धा उरला, कारण हे त्याला पहिल्याच पत्रात सांगता आलं असतं.

या भांडणाच्या काळात ऑफिसातून एक सूचना आली होती: लोहाओळीत (इथल्या लोखंडी सामानाच्या बाजारात) ट्रकचे रॅचेट पट्टे मिळतात, आपल्या एका पट्ट्याच्या पैशात तिकडे चार-पाच येतील. मी पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस आहे, तरी ह्याला मी साफ नकार दिला. ट्रकच्या पट्ट्याचा मोठा हूक विमानाच्या ट्रॅकमध्ये बसत नाही, हे वरवरचं कारण. मुख्य कारण असं की ट्रकच्या पट्ट्यावर जो ५ टनांचा आकडा असतो तो पुष्कळदा पट्टा नगाभोवती वेढा घालून दुहेरी बांधल्यावरचा असतो. सरळ एकेरी ओढीत त्याची ताकद निम्मी. आपल्या पट्ट्याचा आकडा सरळ ओढीतला असतो, ५००० पौंड म्हणजे २२६८ किलो, टीएसओ-सी१७२ या पट्ट्यांच्या मानकाच्या कसोटीला उतरलेला.

आणि तो आकडाही कोनाप्रमाणे घटतो. पट्टा जमिनीशी ६० अंशाचा कोन करून चढला असेल तर नग पुढे-मागे सरकण्याविरुद्ध त्यातले निम्मेच, ११३४ किलो, कामी येतात. ३० अंशात बांधला तर जवळजवळ १९६० मिळतात. शिवाय जमिनीतली कडी पट्ट्याहून कमजोर असेल तर कडीचा आकडा धरायचा. २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानात बग्रामहून निघालेलं ७४७ मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि आतले सातही जण गेले. आत पाच चिलखती वाहनं होती, दोन १२ टनांची आणि तीन १८ टनांची, ५००० पौंडी पट्ट्यांनीच बांधलेली. पट्ट्यांची संख्या कमी पडली, कोनाचा हिशेब धरलाच नव्हता. मागचं वाहन सुटलं आणि त्यानं हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीच्या आडव्या पंखाचं यंत्र तोडलं. आमच्या होल्डमध्ये पंप जेमतेम काही शे किलोंचा असतो, पण हिशेबाची पद्धत तीच. त्या हिशेबातला पहिला आकडा लेबलवर असतो. म्हणून मी लेबलच्या मागे एवढा लागलो.

हे काम नागपूरला नवं नाही. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथंच भेटायची आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. त्या शहरात माल बांधायचं सामान सावलीत ठेवायला एक साधी शेड नसावी, हे मला खटकायचं. आता तपासणीच्या अहवालाचा एवढा फायदा झाला की झाकणाची पेटी मंजूर झाली. पट्टे काम संपलं की आत जातात. साबणाच्या सौम्य पाण्यानं धुतो, थिनर कुणी आणला तर परत पाठवतो.

सोबत घेतलेल्या दाराच्या जाळीबद्दल तक्रार नाही, एवढंच की तिच्या हुकांचे स्प्रिंग सुरुवातीला फार कडक असतात.

घ्यायचे असतील तर हेच पट्टे घ्या, पण घडीखाली लेबल असलेले, आणि माल उतरवून घेताना प्रत्येक नग उघडून बघा. बदलीच्या ऑर्डरमध्ये मी तशी अट लिहून दिली आहे: उघडं लेबल निघालं तर तो नग परत, वाहतूक खर्च पुरवठादाराचा. त्यानं सही करून पाठवली आहे. माल यायचा आहे.